संप, सरकार आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी, रांगोळ्या आणि फराळ ह्यांच्या जोडीला एखादा कोरडा विषयही असावा, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. ह्या वर्षी तो माझ्या वाट्याला आला आहे. सरकारी नोकरांना संपाचा हक्क असावा की नसावा, ह्यावर मी बोलावे असे ठरले. विषय कोरडा खरा, पण नागपूरच्या बायकांना तो परका नाही. आपल्यापैकी कुणाचे यजमान रेल्वेत आहेत, कुणाचा मुलगा पोस्टात, कुणाची सून मेडिकलमध्ये नर्स, तर कुणी स्वतःच शाळेत शिकवतात. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी नाही त्यांनाही दवाखान्यात केसपेपर काढायला, रेशनकार्डावर नाव चढवायला किंवा सातबाऱ्याचा उतारा घ्यायला सरकारी माणसाच्या टेबलापुढे उभे राहावेच लागते. म्हणजे संप झाला की संप करणारे आपलेच आणि संपाने अडणारेही आपलेच. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आपण बायकांनी जरा शांतपणे करायला हरकत नाही.

संप ही गोष्ट आपल्या गावाला जुनी आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथल्या मजुरांनी काम थांबवले. देशातल्या अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. पण गिरणीचा संप आणि सरकारी कचेरीचा संप ह्यांत एक मोठा फरक आहे, आणि तो नीट समजला तर पुढचे सारे समजायला सोपे जाते. गिरणी बंद पडली की मालकाचा माल निघत नाही, त्याचा गल्ला रिकामा राहतो. तो नुकसान मोजतो आणि बोलणी करायला येतो. सरकारी कचेरी बंद पडली तर सरकारच्या गल्ल्यातून काय जाते? काम नाही तर वेतन नाही ह्या नियमाने उलट तितक्या दिवसांचा पगार वाचतो. नुकसान होते ते ओळीत उभ्या असलेल्या माणसाचे. भांडण दोघांचे आणि मार तिसऱ्याला, असा हा प्रकार आहे. सरकारी संपाविरुद्ध सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच, आणि तो मी मुळीच हलका लेखत नाही.

मार्च २०२३ मधला संप आपल्याला आठवत असेल. जुनी पेन्शन परत मिळावी म्हणून १४ मार्चला राज्यातले सरकारी कर्मचारी, शिक्षक आणि नर्स संपावर गेले. दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन भरात होत्या. सरकारी रुग्णालयांतून ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलावी लागली. त्याच आठवड्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पीक आडवे झालेला शेतकरी पंचनाम्याची वाट पाहत होता आणि पंचनामा करणारे कर्मचारी संपावर होते. त्या शेतकऱ्याने कुणाचे काय घेतले होते? त्याला स्वतःला पेन्शन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. संपकऱ्यांची मागणी रास्त की गैर हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्याच्या नुकसानीचा हिशेब संपकऱ्यांच्या वहीत कुठेतरी लिहिला गेला पाहिजे.

आता दुसरी बाजू. ही पेन्शनची तक्रार काही २०२३ साली जन्मली नव्हती. १ नोव्हेंबर २००५ पासून जे राज्य सरकारच्या नोकरीत लागले, त्यांना जुन्या पद्धतीची पेन्शन बंद झाली. त्याऐवजी पगारातून कपात करून ती रक्कम बाजारात गुंतवायची आणि शेवटी जे येईल ते घ्यायचे, अशी योजना आली. पेन्शन म्हणजे काय हे बायकांना सांगायला नको. घरचा कर्ता पुरुष गेल्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षे ज्या पैशावर बाई मुलांच्या तोंडाकडे न बघता मानाने जगते, तो पैसा म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्काचा मोबदला आहे. तो मोबदला बदलला तेव्हापासून अठरा वर्षे अर्ज झाले, निवेदने झाली, मोर्चे निघाले. संप सुरू झाल्यावर मात्र तीन जणांची समिती नेमली गेली. मार्च २०२४ मध्ये शेवटच्या पगाराच्या निम्म्याइतक्या पेन्शनची हमी देणारी सुधारित योजना राज्य सरकारने जाहीर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनेही तशीच एक एकत्रित योजना आणली. तीत कर्मचाऱ्याच्या मागे त्याच्या जोडीदाराला ६० टक्के पेन्शन ठेवलेली आहे. जे अठरा वर्षांच्या अर्जांनी झाले नाही ते सात दिवसांच्या संपाने हलले. मग पुढच्या वेळी कर्मचाऱ्याने अर्ज लिहायचा की संप करायचा? त्याला हा धडा कुणी शिकवला, ह्याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने संघटना करण्याचा हक्क दिलेला आहे, संपाचा नाही. १९६२ साली बिहार राज्याविरुद्धच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी नोकरांना शांततेने निदर्शने करण्याची सरसकट बंदी घालता येणार नाही, पण संप हा मूलभूत हक्क नव्हे. २००३ साली तामिळनाडूत मोठा संप झाला आणि तिथल्या सरकारने सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात नोकरीवरून काढले. त्या खटल्यात ६ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला नाही आणि नैतिक हक्कही नाही, असा निकाल त्याने दिला. बिनशर्त माफी लिहून दिल्यावर बहुतेकांना परत घेतले गेले. आपल्या राज्यातही वर्तणूक नियमांनी संपाला मनाई आहे, शिवाय ‘मेस्मा’ म्हणून जो कायदा आपण वर्तमानपत्रात वाचतो तो आहेच. कायद्याच्या बाबतीत न्यायालयाचा शब्द अखेरचा, तो आपण मानलाच पाहिजे. पण नीती कशात आहे ह्याचा विचार करण्याची मोकळीक प्रत्येक नागरिकाला असते.

मला इतकेच दिसते, की हक्क नाही म्हणून संप थांबलेले नाहीत. १४ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेला महाराष्ट्रातल्या राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा ही त्यांची मागणी होती. ५४ दिवस म्हणजे दोन पगार. वाण्याची उधारी, दुधाचे बिल आणि मुलांची फी त्या दोन महिन्यांत कुणी कशी निभावली असेल, हे कुठल्याही गृहिणीला सहज समजेल. आणि २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप तर पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. महामंडळ सरकारात विलीन करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. पगारवाढ मिळाली, विलीनीकरण झाले नाही. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितले तेव्हा गाड्या पूर्ववत सुटू लागल्या. ह्या पाच-साडेपाच महिन्यांत तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या खेड्यातल्या मुलींचे काय झाले असेल? मुलाला घरचे सायकल नाही तर मोटारसायकल देतात. मुलीला एस.टी. नसली की ‘राहू दे आता शिक्षण’ म्हणतात. संप लांबला की त्याचा भार शेवटी सगळ्यांत दुबळ्या खांद्यावर येतो, तो असा.

मग काय करावे? संप होऊ द्यावा तर तिसरा भरडला जातो, आणि बंदी घालावी तर कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकायला कुणी बसत नाही. ह्या कोंडीतून वाट कशी निघते, हे आपल्याच देशाच्या इतिहासात एकदा दिसले होते.

१९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे ठरवावे ह्याचे एक माप घालून दिले. ते माप म्हणजे चक्क घरखर्चाचे अंदाजपत्रक होते. एका कमावत्यामागे तीन माणसांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकंदर वेतनाचा पाचवा भाग. सरकार, मालक आणि कामगार तिघांनी मिळून हे मान्य केले होते. पण दुसऱ्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकरासाठी महिना ८० रुपयेच सुचवले. बोलणी फिसकटली आणि ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून रेल्वे, तार, टपाल ह्यांसह केंद्रीय नोकरांनी संप पुकारला. सरकारने अध्यादेश काढून तो बेकायदा ठरवला, धरपकड झाली, आणि पाच दिवसांत संप मोडला.

संप मोडला, पण सरकारलाही कळले की नुसत्या अध्यादेशावर राज्य चालत नाही. म्हणून १९६६ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. तिच्यात सरकार आणि कर्मचारी एका टेबलाशी बसतात, आणि पगार, कामाचे तास व रजा ह्यांवर एकमत झाले नाही तर प्रश्न लवादाकडे न्यायचा, असे ठरले. हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. पण दोनच वर्षांनी कर्मचाऱ्यांनी गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचा प्रश्न लवादाकडे द्या म्हटले, आणि हा प्रश्न लवादाचा नव्हेच असे म्हणून सरकारने नकार दिला. १९ सप्टेंबर १९६८ चा एक दिवसाचा लाक्षणिक संप त्यातून उद्भवला. नवे दार बसवले, आणि पहिला महत्त्वाचा पाहुणा आला तेव्हा आतून कडी लावून घेतली.

१९७४ च्या रेल्वेसंपाची गोष्टही अशीच. ८ मे ते २७ मे असा तो चालला. बोनस आणि कामाचे तास ह्या मुख्य मागण्या होत्या. हजारो कामगार तुरुंगात गेले, आणि रेल्वेच्या क्वार्टरांतून बायकामुलांना बाहेर काढल्याच्या कहाण्या त्या काळच्या कामगार कुटुंबांत अजून सांगितल्या जातात. संप फसला असे सगळ्यांनी म्हटले. पण १९७९ साली रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस सुरू झाला. पाच वर्षांनी जे देता आले त्यावर पाच वर्षे आधी समोरासमोर बसून बोलता आले नसते का?

परदेशात पाहिले तरी हेच दिसते. जर्मनीत कायम सरकारी अधिकाऱ्यांना, त्यात कायम शिक्षकही आले, संपाची बंदी आहे. काही शिक्षकांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ती बंदी योग्य ठरवली. का ठरवली ते महत्त्वाचे आहे. तिथे ह्या नोकरांना आयुष्यभराची नोकरी आहे, दर्जाप्रमाणे पगार मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे, तो कमी वाटला तर न्यायालयात जाता येते, आणि नियम करताना त्यांच्या संघटनांचे म्हणणे ऐकावे लागते. एक हक्क काढून घेतला तर त्याच्या बदल्यात दुसरे हक्क हातात दिले आहेत. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे म्हणणेही त्याच धर्तीचे आहे. जीव आणि सुरक्षितता ज्यांवर अवलंबून आहेत अशा सेवांत आणि राज्यसत्ता चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना संपाची मनाई करता येईल, पण मग निष्पक्ष आणि लवकर निर्णय देणारा लवाद हवा. भारत ह्या संघटनेचा १९१९ पासूनचा सभासद. पण संघटनास्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटी ह्यांबद्दलचे तिचे दोन मूळ करार आपण अद्याप मान्य केलेले नाहीत, आणि त्यातली अडचण सरकारी नोकरांच्या हक्कांचीच आहे.

ह्या सगळ्याचे तात्पर्य मी असे काढते. ज्याने संप काढून घेतला त्याने लवाद दिलाच पाहिजे, आणि लवादाचा निर्णय सरकारवरही बंधनकारक असला पाहिजे. सरकार स्वतःच मालक, स्वतःच नियम करणारे आणि शिक्षा देणारेही स्वतःच, अशी व्यवस्था असेल तर निदान निवाडा तरी परक्याच्या हातात हवा. असा लवाद नसेल तोवर सरकारी नोकराचा संपाचा हक्क नाकारणे मला न्यायाचे वाटत नाही.

पण हक्क मागणाऱ्यांनाही काही अटी पाळाव्या लागतील. सैन्य आणि पोलीस ह्यांनी संप करू नये, हे बहुतेक ठिकाणी मान्य आहे. बाकीच्यांनी पुरेशा मुदतीची नोटीस द्यावी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने लोकोपयोगी सेवांसाठी चौदा दिवसांची नोटीस सांगितलीच होती. संपकाळातही अपघात विभाग, बाळंतिणींचा वॉर्ड आणि पिण्याचे पाणी बंद पडता कामा नये. परीक्षा चालू असतील तर मुलांचे वर्ष वाया जाऊ नये. आणि संप बेमुदत नसावा. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंड देशातल्या जवळजवळ नव्वद टक्के बायकांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवले. दिवस आधी जाहीर केला होता, एकच दिवस होता, तरी बायकांचे काम किती आहे हे पुरुषांना संध्याकाळपर्यंत पुरते कळले. पुढच्या वर्षी तिथे समान हक्कांचा कायदा झाला. संपाचे बळ तो किती लांबला ह्यावर नसते, तो करणाऱ्यांच्या कामाची किंमत किती उघड झाली ह्यावर असते.

भगिनींनो, आता आपल्या जिव्हाळ्याचा शेवटचा मुद्दा. अंगणवाडीची सेविका आपण सगळ्याच ओळखतो. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून वस्तीतल्या लेकरांचे वजन, आहार, गरोदर बायकांच्या नोंदी असे सारे काही ती करते. पण ती सरकारी नोकर नाही, तिला पगार नाही, मानधन आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी जवळजवळ चार आठवडे संप केला, तेव्हा कुठे ते मानधन ५,००० वरून ६,५०० रुपये झाले. आणि पुढच्याच मार्चमध्ये सरकारने त्यांना ‘मेस्मा’ लावायचा निर्णय काढला! विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. विचार करा. पगार मागितला की तू नोकर नाहीस, आणि संप केला की तुझी सेवा अत्यावश्यक आहे. सेवा अत्यावश्यक असेल तर ती करणारीच्या चुलीवरचा भातही अत्यावश्यक समजला पाहिजे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे ठरवले. पण न्यायाच्या त्या पायरीपर्यंत पोचायला योजना सुरू झाल्यापासून ४६ वर्षे लागली. त्यानंतरही डिसेंबर २०२३ पासून ह्या बायकांना पुन्हा पन्नासहून अधिक दिवस संपावर बसावे लागले. संपाच्या हक्काची चर्चा कायम नोकरीवाल्यांपुरतीच ठेवून चालणार नाही. कंत्राटावरची सफाई कामगार, आशाताई, तासिकेवर शिकवणारी बाई ह्यांनी कामाला नाही म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी उभी असते. ज्यांना हक्काची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हातात तो सर्वांत कमी आहे.

आपण काय करू शकतो, असे कुणी विचारील. नागपूरकरांना दर हिवाळी अधिवेशनात मोर्चे बघायची सवय झाली आहे. रस्ते बंद होतात, आपण कुरकुरतो आणि विसरतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला ह्याच शहरात आपले म्हणणे सांगायला आलेले ११४ गोवारी बांधव चेंगराचेंगरीत गेले. त्यांत बायका आणि लेकरे किती होती हे जुन्या माणसांना सांगायला नको. तो संप नव्हता, नोकरांचा मोर्चाही नव्हता. पण सांगणारा दारात ताटकळत राहिला आणि ऐकणारा वेळेवर बाहेर आला नाही, तर काय होते हे नागपूरने डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून पुढच्या वेळी संपाची बातमी आली की आपण दोन्हीकडे दोन प्रश्न विचारू. संपकऱ्यांना विचारू, नोटीस किती दिवसांची दिली आणि दवाखान्यात कोण ठेवले? आणि सरकारला विचारू, ह्यांचा पहिला अर्ज कोणत्या तारखेचा आहे आणि त्याला उत्तर कोणत्या तारखेला दिले? आपल्या भागाच्या आमदारांना आणि नगरसेवकांना मंडळाच्या सहीशिक्क्याचे पत्र लिहून हे विचारता येते, त्याला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. अंगणवाडीच्या सेविकेला तर मंडळाच्या पुढच्या बैठकीलाच बोलवावे, तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकावे, आणि पहिले पत्र तिच्यासाठी लिहावे, अशी सूचना मी आजच अध्यक्षबाईंपुढे ठेवते.